"मॅडम, मी खरंच एवढं खात नाही हो!"



नेहमी मी तुम्हाला एखाद्या आजाराची माहिती देते. आजच्या लेखातली पेशंट मात्र मी स्वतः आहे.

शीर्षकातलं वाक्य मी गेली २२ वर्षं ऐकते आहे. पेशंट, बहुतेक वेळा चाळिशी ओलांडलेली बाई, वजनकाट्यावरून उतरते, माझ्या चेहऱ्याकडे बघते आणि मी काही बोलायच्या आत हे म्हणून टाकते. मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, 'सगळे असंच म्हणतात.' मग माझं ठरलेलं भाषण सुरू व्हायचं. साखर बंद करा, भात कमी करा, रात्री लवकर जेवा, रोज पाऊण तास चाला, दोन महिन्यांनी दाखवायला या.

मग माझ्या ४६ व्या वर्षापासून पुढच्या दीड वर्षात माझंच वजन ६१ किलोवरून ७० किलोवर गेलं. माझं भाषण मी माझ्यावर लागू करून पाहिलं. काटा हलला नाही. शेवटी हार्मोन्सची तज्ज्ञ असलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीकडे गेले आणि तिच्या समोरच्या खुर्चीत बसून चक्क म्हणाले, "अगं, मी खरंच एवढं खात नाही!"

ती हसली नाही. तिने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "वजन वाढायला लागलं, त्याच्या आसपास तुझ्या आयुष्यात काय काय बदललं? महिन्यांसकट सांग."

हा प्रश्न मी २२ वर्षांत एकाही पेशंटला नीट विचारला नव्हता. आज तोच प्रश्न मला तुम्हाला द्यायचा आहे.

माझी यादी

पाळी अनियमित झाली होती. कधी २० दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. रात्री अचानक अंग तापून घामाने जाग यायची.

सासूबाईंना पक्षाघात झाला होता. रात्री मी त्यांच्याच खोलीत झोपायचे. कूस बदलायला, बाथरूमला न्यायला, कधी नुसतंच "आहेस ना गं?" याला उत्तर द्यायला तीन-चार वेळा उठणं व्हायचं.

माझी जुनी अर्धशिशी बळावली म्हणून न्यूरॉलॉजिस्टनी रात्री ॲमिट्रिप्टिलिनची गोळी सुरू केली होती.

आणि थायरॉईड. त्याची गोळी मी दहा वर्षं घेते आहे. पूर्वी पहाटे उठून उपाशीपोटी घ्यायचे. आता सकाळी सासूबाईंचं आवरण्यात राहून जायची, मग चहाबरोबर घ्यायचे आणि जोडीला कॅल्शियमचीही गोळी. पेशंटला "असं अजिबात करायचं नाही" म्हणून बजावणारी मी, घरी तेच करत होते.

कागदावर चार ओळी झाल्या. मैत्रीण म्हणाली, "आता एकेक करून बघू."

पाळी जाण्याच्या आधीची वर्षं

आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे, पण हार्मोन्सची गडबड त्याच्या काही वर्षं आधीच सुरू होते. इस्ट्रोजेन कमी होत जातं तशी चरबी साठण्याची जागा बदलते. तरुणपणी ती मांड्या आणि नितंबांवर जाते, आता पोटावर जायला लागते. त्यामुळे वजन तेवढंच असलं तरी ब्लाऊज आणि ड्रेस कंबरेला घट्ट होतात.

वजन वाढण्याचा सगळा दोष मात्र इस्ट्रोजेनचा नाही. वयाबरोबर स्नायू कमी होतात. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सामावून घेण्याचं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे स्नायू. ते लहान झालं की तेवढीच पोळी, तेवढाच भात शरीराला जास्त होतो. शिवाय शरीराला रोज लागणारी ऊर्जाही थोडी घटते. म्हणजे "मी पूर्वीइतकंच खाते" हे वाक्य अगदी खरं असू शकतं आणि तरीही वजन वाढू शकतं.

थायरॉईड : गुन्हेगार, पण छोटा

माझं टीएसएच ९ च्या पुढे निघालं. मला मनातून बरं वाटलं. सापडलं कारण! मैत्रिणीने लगेच जमिनीवर आणलं.

थायरॉईड कमी पडल्यामुळे वाढणारं वजन बहुतेकांमध्ये २ ते ५ किलोच असतं आणि त्यातही बरंचसं अंगात साठलेलं मीठ आणि पाणी असतं. १५-२० किलोंचं खापर एकट्या थायरॉईडवर फोडता येत नाही.

डोस वाढवायची गरजही पडली नाही. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा ते एक तास आधी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत व तिच्यात चार तासांचं अंतर ठेवायचं, एवढं पाळलं. दोन महिन्यांत टीएसएच जागेवर आलं आणि वजन सव्वा किलोने उतरलं. बस्स, तेवढंच.

एक धोक्याची सूचना. वजन उतरावं म्हणून थायरॉईडचा डोस मनाने वाढवणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं ठिसूळ होतात. हे कधीही करू नका.

गोळ्यांची गोष्ट, आणि माझी चूक

काही औषधांनी वजन वाढतं. हे आम्हा डॉक्टरांना माहीत असतं, पण गर्दीच्या ओपीडीत सांगायचं राहून जातं. ढोबळ यादी देते.

• स्टेरॉईड (प्रेडनिसोलोनसारखी), जास्त दिवस घेतल्यास
• मधुमेहातलं इन्शुलिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन
• नैराश्यावरची काही औषधं, उदा. मिर्टाझापिन, पॅरॉक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन
• मानसिक आजारांवरची ओलान्झापिन आणि क्लोझापिन
• फिट्सवरचं व्हॅलप्रोएट
• नसांच्या दुखण्यावरची गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन
• अर्धशिशीसाठी दिलं जाणारं फ्लुनारिझिन
• ॲटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल यांसारखी बीपी-हृदयाची काही औषधं (यांनी थोडंच वाढतं)
• दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन

आणखी एक. सांधेदुखीवर किंवा ताकदीसाठी म्हणून मिळणाऱ्या, नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांमध्ये कधी कधी स्टेरॉईड मिसळलेलं असतं. चेहरा गोल झाला, भूक वाढली, दुखणं जादू झाल्यासारखं थांबलं, तर ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. तीही एकदम बंद करू नका.

आता मला जे सांगणं जड जातंय ते सांगते.

काही वर्षांपूर्वी एक बाई बीपी तपासायला आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे त्यांची औषधं चालू होती आणि त्या बऱ्याच सावरल्या होत्या. मी काटा बघून म्हणाले, "अहो, सहा किलो वाढलंय! लक्ष द्या जरा स्वतःकडे." बास, इतकंच. कोणती गोळी चालू आहे ते मी वाचलंही, पण वजनाशी तिचा संबंध जोडून त्यांना काही सांगितलं नाही.

घरी जाऊन त्यांनी गोळीच्या पाकिटातली चिठ्ठी वाचली, वजन वाढण्याचं कारण त्यांचं त्यांना सापडलं आणि त्यांनी गोळी बंद केली. कुणाला न सांगता. तीन महिन्यांनी मुलगी त्यांना हाताला धरून घेऊन आली. झोप नव्हती, जेवण नव्हतं, जगायची इच्छा नाही असं त्या बोलत होत्या. काट्यावर उभं केलं तर वजन सात किलोंनी कमी.

त्या दिवशी काट्यावरचा उतरलेला आकडा बघून माझ्या पोटात खड्डा पडला. मानसोपचारतज्ज्ञांनी उपचार पुन्हा सुरू केले, औषध बदललं आणि त्या बऱ्या झाल्या. पण माझं ते एक वाक्य मी विसरलेले नाही.

तुम्हाला वाटेल, एवढं बघितल्यावर मी शहाणी झाले असेन. नाही. माझ्या स्वतःच्या गोळीबाबत मी तेच केलं. ॲमिट्रिप्टिलिनने भूक, विशेषतः गोडाची ओढ, वाढते हे कळल्यावर मी ती मनाने सोडून दिली. दोन आठवड्यांत अर्धशिशीचे चार झटके आले. दोन दिवस क्लिनिक बंद ठेवून मी अंधाऱ्या खोलीत पडून होते आणि आजारी सासूबाई बाहेरून विचारत होत्या, "डोकं दाबून देऊ का गं?"

नंतर न्यूरॉलॉजिस्टना मोकळेपणाने सांगितलं. त्यांनी दहा मिनिटं बोलून औषध बदललं. नवं औषध, टोपिरामेट, भूक कमी करतं. पण त्याने हातापायांना मुंग्या येतात, बोलताना शब्द सुचत नाहीत, काहींना मुतखडा होतो आणि गरोदरपणात ते टाळावं लागतं. मला जमलं. दुसऱ्याला दुसरं जमेल. म्हणून गोळी बदलायची की नाही, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. स्टेरॉईड, फिट्सची आणि मानसिक आजाराची औषधं एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. वाढलेले सहा किलो नंतर उतरवता येतात.

ताण आणि तुटलेली झोप

"टेन्शन घेऊ नका" हा जगातला सगळ्यात निरुपयोगी सल्ला आहे आणि तो मी हजारदा दिला आहे. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असताना टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे नक्की काय करायचं?

शरीरात काय घडतं ते मात्र समजून घेण्यासारखं आहे. ताण लांबला की कॉर्टिसोल वाढलेलं राहू शकतं. त्याने पोटावर चरबी साठायला मदत होते आणि तेलकट-गोड खायची इच्छा होते. झोप तुटण्याचा परिणाम याहून सरळ दिसतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं आणि भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. दोन रात्रींत! माझी झोप तर दीड वर्षं तुटत होती.

मैत्रिणीने मला आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहायला लावलं. सकाळ-दुपार-रात्रीचं जेवण खरंच कमी होतं. पण रात्री दोन-तीनला सासूबाईंना झोपवून स्वयंपाकघरात गेल्यावर दोन बिस्किटं, मूठभर चिवडा, कधी डब्यातला लाडू. ते मला दिवसा आठवतही नव्हतं. मी खोटं बोलत नव्हते. जागरण आणि गोळी मिळून भूक वाढवत होती आणि अर्धवट झोपेतलं खाणं डोक्यात नोंदलं जात नव्हतं.

तेव्हा मला माझे सगळे पेशंट आठवले.

कमी खाऊन पाहिलं, तेव्हा

हे सगळं कळायच्या आधी मी एक महिनाभर फक्त सूप, सॅलड आणि एक भाकरी यावर काढला होता. तीन किलो उतरले. दिवाळीपर्यंत चार परत आले.

याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणतात, पण शरीराची बाजूही ऐका. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांश घटलं, पण शरीराने खर्चही आखडता घेतला. नाडी मंदावली, थंडी वाजू लागली, उत्साह गेला आणि डोक्यात दिवसरात्र फक्त खाण्याचे विचार. पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांची भूक बराच काळ शमत नव्हती. उपासमार आणि डाएट यांतला फरक शरीराला कळत नाही. शिवाय घाईने उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि चाळिशीनंतर तेच तर वाचवायचे असतात.

मग मी काय केलं?

सगळ्यात आधी झोप. नवऱ्याशी बोलले. खरं तर भांडले. आता सासूबाईंच्या खोलीत चार रात्री तो झोपतो, तीन रात्री मी. या एका बदलाने रात्रीचा चिवडा जवळजवळ बंद झाला.

नाश्त्यात पोहे-चहाऐवजी मुगाचं धिरडं, उसळ किंवा दोन अंडी. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पोह्यांच्या बशीत त्याहून कमीच, आणि पोट लवकर रिकामं होतं. दुपारी वरण घट्ट, भात एक मूद, जेवणात दही किंवा ताक. भात पूर्ण बंद केला नाही. तो केला की मी चौथ्या दिवशी दुप्पट खाते, हे मला माहीत आहे.

चालण्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं. पुढे एका ताईंकडे शिकून थोडी जास्त वजनं. पहिल्या महिन्यात काटा हललाच नाही, पण सासूबाईंना उठवताना माझी कंबर दुखायची थांबली.

वर्षभराने वजन ६५.५ किलो आहे. म्हणजे वाढलेल्या ९ पैकी साडेचारच उतरले. वयाची आणि हार्मोन्सची ओळ त्या कागदावरून खोडता येत नाही, आणि सासूबाई आजही अंथरुणावर आहेत. जे बदलता आलं ते बदललं.

किलो बघायचे की कंबर?

माझ्या कंबरेचा घेर ९६ सेंटिमीटरवरून ८८ झाला. मला या आकड्याचा जास्त आनंद आहे, आणि त्याला कारण आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजन-उंचीचं गणित तेच असूनही आपल्या शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ बीएमआय २३ ला धरतात, आणि कंबरेचा घेर बायकांमध्ये ८० व पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरच्या आत हवा.

मी अजून त्या रेघेच्या बाहेरच आहे. पण वजनाच्या ५ ते १० टक्के जरी उतरले, तरी शुगर, बीपी आणि गुडघ्यांना फायदा होतो. माझी उपाशीपोटीची शुगर ११२ वरून ९७ वर आली.

इंजेक्शनांविषयी हल्ली रोज विचारणा होते. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही परिणामकारक औषधं आहेत आणि काही जणांना त्यांची खरी गरज असते. पण थांबवल्यावर बहुतेकांचं वजन परत वाढतं आणि व्यायाम-प्रथिनांकडे लक्ष नसेल तर स्नायूही जातात. मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्या.

डॉक्टरांकडे जाताना

१. गेल्या दोन-तीन वर्षांतली वजनं आणि पाळी, आजार, जागरण, घरातले बदल एका कागदावर महिन्यांसकट लिहून न्या.
२. चालू असलेली सगळी औषधं न्या. आयुर्वेदिक, पुड्या, इंजेक्शनं, सगळी. आणि विचारा, "यातल्या कशाने वजन वाढतं का? पर्याय आहे का?"
३. आठवडाभराचं खाणं आणि झोपेचे तास लिहा. रात्रीचंही.
४. टीएसएच, शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी आणि कंबरेचा घेर यांबद्दल विचारा.
५. या गोष्टी असतील तर थांबू नका: काही दिवसांत झपाट्याने वाढलेलं वजन, पायांवर सूज, धाप, पोटावर रुंद जांभळे वळ आणि जरा लागलं तरी काळंनिळं पडणं, मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंगणं, सतत उदास वाटणं. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा.

परवा क्लिनिकमध्ये एक ताई काट्यावरून उतरल्या आणि घाईघाईने म्हणाल्या, "मॅडम, मी खरंच एवढं खात नाही हो!"

मी म्हणाले, "बसा. कधीपासून वाढतंय? त्याच्या आधी काय काय बदललं?"

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे कुणी विचारलंच नव्हतं." आणि बोलायला लागल्या.

तुम्हाला कुणी विचारलं नसेल, तर आज तुम्हीच स्वतःला विचारा. काळजी घ्या.